तेहेतीस टोले

शांतवन हिवाळे म्हणजे देवमाणूस, असं करी रोडची अख्खी तुळसकर चाळ म्हणायची, आणि ते कानावर पडलं की शांतवन मान खाली घालून वाट बदलायचा. देवमाणूस कसला! त्याचं त्याला ठाऊक होतं. पण चाळीला कोण सांगणार? रोज सकाळी सहाला हा साठीचा माणूस एका हातात गरम पाण्याची किटली आणि दुसऱ्या हातात पट्ट्यांची पिशवी घेऊन दोन जिने चढायचा, दत्ताराम परबाच्या खोलीत शिरायचा, त्याच्या कापलेल्या पायाची जखम धुवायचा, पू टिपायचा, भांडं उचलून संडासात रिकामं करून आणायचा. ना नात्याचा ना गोत्याचा, ना जातीचा ना धर्माचा. मग नळावर बायका म्हणणारच ना, "ख्रिस्ती असला म्हणून काय झालं? पोटचा पोर करणार नाही एवढं करतोय बिचारा!"

चाळीच्या समोर, रस्त्यापलीकडे मराठी ख्रिस्ती मंडळीचं छोटं दगडी चर्च होतं. शांतवन तिथला राखणदार, झाडणारा, दिवे लावणारा आणि घंटा वाजवणारा. पोरवयात नगरकडच्या एका मिशन दवाखान्यात त्याने मलमपट्टीचं काम केलं होतं. पुढे बाप थकला आणि बापाच्या हातातला घंटेचा दोर त्याच्या हातात आला. त्याला आता तीस वर्षं होत आली होती. पगार बेताचा, अंगावरचा कोट चर्चच्या धर्मगुरूंचा, पाळकसाहेबांचा, जुना. पण घंटेची गोष्ट निघाली की स्वारी छाती काढून बोलायची. टोले तेहेतीस. कमी नाही, जास्त नाही. प्रभू तेहेतीस वर्षं जगला म्हणून तेहेतीस. "बत्तिसावर थांबलास तर प्रभूचं एक वर्ष तू खाल्लंस," असं बाप दम देऊन सांगायचा. तीस वर्षांत शांतवनने घंटा एकदाही चुकवली नव्हती. तापाने फणफणला असताना वाजवली, धाकटा मुलगा गेला त्या दिवशीही वाजवली.

आता छप्पन सालच्या जानेवारीत काय झालं ते ऐका. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात जाणार, अशी बातमी आली आणि गिरणगाव पेटलं. गिरगावपासून परळपर्यंत रस्त्यावर दगडांचा खच, गल्लीच्या तोंडाला पोलिसांच्या गाड्या, जिकडेतिकडे गोळीबार. मग कर्फ्यू लागला. दुपारी चार ते सहा तेवढी सूट. त्या दोन तासांत दूध, भाजी, रॉकेल, काय हवं ते आणून पुन्हा दाराला कडी. पाळक जयवंतराव हुशार माणूस. त्यांनी पोलिसांशी बोलून ठेवलं होतं की सूट सुरू झाल्याचा निरोप आला की चर्चमध्ये अर्ध्या तासाची उपासना घ्यायची. दोन दिवस तसंच झालं. चारला निरोप आला, शांतवनने घंटा वाजवली, पंधरा-वीस माणसं प्रार्थनेला आली.

दुसऱ्या दिवशी तो घंटा वाजवून बाहेर पायरीवर आला, तर समोरच्या गॅलरीतून दत्तारामच्या बायकोने, बकुळाने हाक मारली. दहा दिवसांची बाळंतीण, डोक्याला फडकं बांधलेली, मांडीवर पोर.

"मामा, तुमची घंटा झाली की आमची सुटका! रेडिओ हाय कोणाकडे इथं? अख्खी चाळ तुमच्या भरवशावर हाय!"

शांतवनला केवढं बरं वाटलं म्हणून सांगू! इतकी वर्षं समोर राहून चाळ त्याला धरून अशी कधी बोलली नव्हती. "तुमचं काय बुवा, तुम्ही सायबाची माणसं," असे टोमणे मात्र पुष्कळ. मोर्चा निघाला की त्यालाही वाटायचं, आपणही म्हणावं एकदा मुंबई आमची. पण पाळकसाहेब काय म्हणतील, मंडळी काय म्हणेल, म्हणून आवाज घशातच राहायचा. त्या रात्री जेवताना त्याने सलोमीला, आपल्या बायकोला, बकुळाचं वाक्य तीनदा सांगितलं. सलोमी म्हणाली, "कळलं. भाकरी खा आता, गार झाली."

तिसऱ्या दिवशी साडेतीनला पाळकसाहेबांची चिठ्ठी आली. आज सूट नाही. उपासना नाही. घंटा वाजवू नये.

शांतवनने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि येरझाऱ्या घालू लागला. पावणेचार झाले, मग चार. तीस वर्षं चुकली नाही ती घंटा आज पोलिसांच्या हुकमाने चुकवायची? देव मोठा की फौजदार? आणि आत कुठेतरी दुसरंही बोटभर सुख होतं: सगळी मुंबई सरकारचा हुकूम मोडतेय, आपणही मोडू. कोणाच्या अंगावर दगड टाकत नाही, देवाची घंटा वाजवतोय. कोण काय करणार आहे? सलोमी चर्चमागच्या त्यांच्या खोलीतून म्हणाली, "अहो, नको म्हणालेत ना?" पण ऐकतो कोण? त्याने दोर धरला.

एक, दोन, तीन. रस्ता सुनसान होता आणि घंटेचा आवाज कधी नव्हे इतका मोठा वाटत होता. शांतवनला भरून आलं. अकराव्या टोल्याला मात्र बकुळाचा आवाज त्याच्या कानात वाजला. अख्खी चाळ तुमच्या भरवशावर हाय.

त्याचा हात थबकला. थबकला हे खरं, पण क्षणभरच. मग तो मनाशी म्हणाला, इतक्या घाईने कोण बाहेर पडतंय? आणि अर्धवट सोडली तर? अकरावर? बापाने हाडं मोडली असती. बारा, तेरा, चौदा. पुरे तेहेतीस झाल्यावरच त्याने दोर सोडला.

दोन मिनिटांनी नाक्यावर बार झाला. एकच. मग बाटली फुटल्याचा आवाज, आणि मग बायामाणसांचा आक्रोश.

दत्ताराम दूध आणायला निघाला होता. बकुळाला अंगावरचं दूध उतरत नव्हतं, पोर रात्रभर रडून काळीनिळी झाली होती. सरकारी दूधकेंद्राच्या दोन रिकाम्या बाटल्या घेऊन तो निर्धास्तपणे रस्त्यावर आला, आणि नाक्यापर्यंत पोचला नाही तोच गोळी त्याच्या नडगीत शिरली. नाक्यावरची पोलिसांची गाडी हलेपर्यंत तो तासभर तिथेच पडून होता. दवाखान्यात पाय सडू लागला म्हणून गुडघ्याखाली कापावा लागला. गिरणीत सांचे, म्हणजे माग, चालवणारा चोवीस-पंचवीस वर्षांचा गडी, उभ्याने अख्खी पाळी काम करणारा, तो एका पायावर आला. एक बाटली फुटली होती. दुसरी धड राहिली. बकुळाने ती धुऊन फळीवर ठेवली आणि तिच्यात खोबरेल भरलं.

आणि गंमत बघा, दोष कोणी शांतवनला दिलाच नाही. चाळीने परस्पर ठरवून टाकलं की सरकारने कपट केलं: सूट दिली, घंटा वाजवायला लावली, आणि माणसं बाहेर पडली तशी गोळी घातली. शांतवन पहिल्यांदा दवाखान्यात भेटायला गेला तेव्हा दत्तारामनेच त्याचा हात धरला. "मामा, तुमचा काय दोष? तुम्ही हुकमाचे ताबेदार. तुम्हाला सांगितलं वाजवा, तुम्ही वाजवलीत."

शांतवनने तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पलंगावर पडलेल्या त्या माणसाला ताप, शेजारी बायको रडतेय, अशा वेळी कसं सांगायचं? उद्या सांगू, असं म्हणून तो परतला. पाळकसाहेबांना तर चिठ्ठी मोडल्याचं माहीतच होतं. ते हळूच म्हणाले, "झालं ते झालं, शांतवन. आता वाच्यता नको. दिवस वाईट आहेत, मंडळीवर बालंट यायचं." तेवढा आधार शांतवनला पुरला. माणसाला गप्प बसायला निमित्तच हवं असतं.

पण रात्री डोळा लागेना. लागला की अकरावा टोला पडायचा आणि तो दचकून उठायचा. म्हणून त्याने किटली उचलली. दत्ताराम घरी आल्या दिवसापासून पट्टीचं काम त्याने अंगावर घेतलं. जखम लवकर भरत नव्हती, एकीकडून सुकली की दुसरीकडून चिघळायची. शांतवन चिंधीने हळू पुसायचा, दत्ताराम कळवळला की म्हणायचा, "झालं हं, झालं." आणि जितकं करावं तितकं कौतुक वाढत चाललं. बकुळा पोर त्याच्या मांडीवर द्यायची, "आजोबाकडे बस" म्हणायची. दत्ताराम चार माणसांत सांगायचा, "माझा बाप कोकणात मेला, पण हा बाप मला मुंबईत मिळाला." शांतवनला वाटायचं, जमीन फाटावी.

घंटेला त्याने त्या दिवसापासून हात लावला नव्हता. खांदा धरलाय, अशी थाप मारली. पाळकसाहेब स्वतः दोर ओढायचे, धापा टाकायचे, मोजण्यात चुकायचे. कधी एकोणतीस, कधी पस्तीस. आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं तेव्हा शांतवन मागच्या बाकावर खिळून बसायचा. मंडळीत रिवाज असा की ज्याच्या मनात कोणाविषयी काही राहिलं असेल, किंवा आपण ज्याचं वाईट केलं त्याच्याशी मिटलं नसेल, त्याने भाकरीला आणि पेल्याला हात लावायचा नाही. आधी मिटवून यायचं. फेब्रुवारीत तो म्हणाला पोट बिघडलंय. मार्चमध्येही पोटच बिघडलं. सलोमीने दोन्ही वेळा त्याला नेहमीइतकीच भाकरी वाढली.

ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकसाहेबांनी कहर केला. प्रवचनाला, वाटेत लुटलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट घेतली, आणि शेवटी बोट केलं ते मागच्या बाकाकडे. "आपल्या मंडळीतही एक शोमरोनी आहे. येत्या ईस्टरची घंटा आपल्या शांतवनच्याच हातून वाजावी, असं आम्ही ठरवलं आहे." सगळी मंडळी वळून बघू लागली. म्हाताऱ्या आनंदीबाईंनी तर पदराने डोळे पुसले. शांतवनचं डोकं छातीत गेलं, आणि लोकांना वाटलं काय नम्र माणूस आहे!

घरी येऊन तो भिंतीकडे तोंड करून निजला. सलोमीने दार लावलं आणि त्याच्या उशाशी बसली.

"शोमरोन्याने त्या वाटसराला आधी लुटलं होतं का हो?" तिने विचारलं.

शांतवन उठून बसला. तीन महिन्यांत पहिल्यांदा तो रडला, आणि अकराव्या टोल्याचं तिला सांगितलं. चिठ्ठीचं तिला ठाऊक होतं, अकराव्याचं नव्हतं. तिने ऐकून घेतलं.

"देवाला कळलंय," ती म्हणाली, "आता मला कळलं. ज्याचा पाय गेला तोच तेवढा राहिला."

"तो मला दारात उभा करणार नाही, सलोमी. ती पोर माझ्या मांडीवर देणार नाहीत."

"नाही देणार. मग? चोरलेलंच आहे ना ते?"

बुधवारी सकाळी पट्टी बांधून झाल्यावर शांतवन उठला नाही. दत्ताराम गादीला टेकून चहा पीत होता, बकुळा पोरीला पाळण्यात घालत होती.

"दत्ताराम, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी मला कोणी घंटा वाजवायला सांगितलं नव्हतं. पाळकसाहेबांची चिठ्ठी होती, वाजवू नको म्हणून. मी माझ्या मनाने वाजवली. माझ्या गर्वाने वाजवली."

दत्तारामला नीट समजलंच नाही. "म्हणजे काय? काय ता सरळ सांगा, मामा."

शांतवनने सरळ सांगितलं. चिठ्ठी, दोर, सगळं. आणि ज्यावर जीभ अडखळत होती तेही सांगितलं. "अकराव्या टोल्याला मला बकुळाचं बोलणं आठवलं. थांबायला हवं होतं. मी थांबलो नाही. तेहेतीस पुरे केले."

दत्तारामने कप खाली ठेवला. बोलला तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"अकराव्याला?"

"अकराव्याला."

"मी तेव्हा या दारात उभा होतो, मामा. बाटल्या हातात. ही म्हणाली, पुरी घंटा होऊ दे, मध्येच जाऊ नको. चाळीनं तसं ठरवलंच होतं, मोजून तेहेतीस झाल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडायचा नाही. मी मोजत होतो." त्याने दाराकडे बोट केलं. "अकरावर थांबला असतात, तर मी निघालोच नसतो."

शांतवनला वाटलं होतं, सांगितलं की ओझं उतरेल. उतरलं कुठचं! दुप्पट होऊन छातीवर बसलं. बकुळाने पाळण्याची दोरी सोडली आणि तोंडात पदर कोंबला. मग दत्ताराम ओरडला. असा ओरडला की शेजारपाजार गोळा झाला.

"चालते व्हा! ह्या खोलीत पाय टाकू नका परत! बाप म्हटलं मी तुम्हाला, बाप!"

शांतवन किटली उचलून जिना उतरला. खाली पोचेपर्यंत सगळ्या चाळीला कळलं होतं. नळावरच्या बायकांनी तोंडं फिरवली. तिथून तो तसाच पाळकसाहेबांकडे गेला आणि म्हणाला, "मी सांगून आलोय. ईस्टरची घंटा माझ्याकडे नको." पाळकसाहेब कपाळाला हात लावून बसले. "अरे, आता दगड येतील चर्चवर!" "आले तर मला लागतील, साहेब. मी दारात बसतो," शांतवन म्हणाला.

दगड काही आले नाहीत. गुरुवारी सकाळी सहाला शांतवन पुन्हा किटली घेऊन चाळीत शिरला. आता तुम्ही म्हणाल, निर्लज्ज माणूस! चाळही तेच म्हणाली. दत्तारामच्या दाराला आतून कडी होती. तो जिन्याच्या पायरीवर बसला, पाणी गार झालं तसा उठून गेला. शुक्रवार म्हणजे प्रभूला वधस्तंभावर दिलं तो दिवस, तेव्हाही आला. वरच्या मजल्यावरच्या कोंडीरामने मुद्दाम तांब्याभर पाणी त्याच्या डोक्यावर ओतलं. "देवमाणूस भिजला बघा!" म्हणून पोरंटोरं हसली. शांतवन निथळत्या केसांनी बसून राहिला.

आणि तिथे, त्या ओल्या पायरीवर, त्याला प्रार्थना करता आली. तीन महिने तो गुडघे टेकत होता आणि शब्द घशात अडकत होते. आज अडकले नाहीत. आता त्याच्याजवळ लपवायला काही उरलं नव्हतं, कौतुकाचा एक शब्द मिळायचा नव्हता, दार उघडेल अशी आशाही नव्हती. आणि तरी उद्या किटली घेऊन यायचंच होतं, कारण आत एका माणसाची जखम ओली होती. प्रभू आपल्याजवळ आहे असं त्याला इतकं स्वच्छ कधी जाणवलं नव्हतं. घंटेच्या दोराशी तर कधीच नाही. अपराध जागचा हलला नव्हता, तो मरेपर्यंत हलणार नव्हता, हेही त्याला कळलं. पण त्या अपराधाला घेऊन देवासमोर बसता येतं, हे नव्याने कळलं. शनिवारी दार बंदच होतं. तो बसला आणि गेला.

ईस्टरच्या रविवारी मात्र कडी वाजली. बकुळा दारात उभी होती, डोळे सुजलेले.

"तीन दिवस मीच बांधतेय," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "मला नाही जमत. वास यायला लागलाय."

दत्ताराम भिंतीकडे तोंड करून पडला होता. शांतवनने काही विचारलं नाही. खाली बसून पट्टी सोडली, जखम धुतली. आत चिंधीचा एक धागा राहून चिकटला होता, तो अलगद काढला. दत्ताराम कण्हला, पण पाय त्याने ओढून घेतला नाही.

समोर ईस्टरच्या प्रभुभोजनाची घंटा सुरू झाली. पाळकसाहेब दोर ओढत होते.

शांतवनचे हात चालू होते, पण ओठ आपोआप हलू लागले. त्याच्या ध्यानात आलं की भिंतीकडे तोंड केलेला दत्तारामही पुटपुटतोय. वीस, एकवीस, बावीस. सव्वीस, सत्तावीस. आणि घंटा थांबली. पाळकसाहेब दमले असावेत, नाहीतर नेहमीसारखे चुकले.

दत्तारामने मान वळवली. त्या बुधवारनंतर पहिल्यांदा त्याने शांतवनच्या तोंडाकडे पाहिलं.

"सहा कमी पडले," तो म्हणाला. "तुमच्या देवाचा मोठा सण ना आज? जा, पुरे करून या."

शांतवनच्या हातात पट्टीचं टोक होतं. एक वेढा झाला होता, अजून पाच-सहा राहिले होते.

"राहू देत सहा," तो म्हणाला. "आधी हे पुरं करतो."

दत्तारामचे डोळे भरले. त्याने पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं आणि शांतवनला धरायला सोपं जावं म्हणून पाय जरासा उचलून धरला. शांतवनने पट्टी नीट, सैल नाही आणि घट्ट नाही, अशी बांधली. भांडं रिकामं करून आणलं. किटली उचलली आणि दाराशी पोचला तेव्हा मागून आवाज आला.

"मामा."

"काय रे बाबा?"

"उद्या पाणी जरा कढत आणा. आज कोमट होतं."

माफ केलं असं दत्ताराम म्हणाला नव्हता. शांतवननेही ते मागितलं नव्हतं. रस्ता ओलांडून तो चर्चमध्ये शिरला तेव्हा प्रभुभोजन चालू झालं होतं आणि माणसं रांगेने पुढे जात होती. तो रांगेच्या अगदी शेवटी उभा राहिला. हातांना अजून जखमेचा वास येत होता, ते धुवायचं राहूनच गेलं होतं. सलोमीने मागे वळून पाहिलं आणि शेजारी सरकून त्याला जागा केली. त्याची पाळी आली तेव्हा पाळकसाहेब क्षणभर घुटमळले. शांतवनने तेच हात पुढे केले आणि भाकरीचा तुकडा घेतला.